माझ्या वाट्याचं जू

माझ्या आईच्या मानेवर जू ठेवलं तेव्हा मी तिच्यापासून चार हातांवर उभी होते.

जुवाच्या एका बाजूला पाटलाचा बैल. दुसऱ्या बाजूला आई. बैल उंच, आई ठेंगणी. जू तिरकं झालं आणि त्याचा सगळा भार आईच्या मानेवर आला. तिनं दोन्ही हातांनी ते धरलं. त्याआधी तिनं एकच गोष्ट केली. गळ्यातलं मंगळसूत्र चोळीच्या आत सारलं, दोरी घासून तुटू नये म्हणून. मग पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि मान खाली घातली.

पाटील बांधावर घोंगडं टाकून बसला होता. सगळं गाव गोळा झालेलं. पुरुष पुढं, बायका मागं. देवीच्या पुजाऱ्यानं कडब्याचं एक धाट मोडून आईच्या तोंडाजवळ धरलं. तिनं ते दातांनी घेतलं. चावलं. गिळलं की नाही, मला दिसलं नाही. मागं कुणीतरी हसलं. बाईच हसली.

मग पाटलाच्या गड्यानं बैलाला हाक दिली. आईला वेगळी हाक नव्हती.

पाटलाच्या रानाच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत नांगराचं एक तास, म्हणजे एक सरळ चर, ओढायचं असं ठरलं होतं. मधे ढेकळात आईचा पाय मुरगळला आणि ती गुडघ्यावर आली. बैल आपसूक थांबला. गडी म्हणाला, "उठ." ती उठली. पुढं गेली. मी जागची हलले नाही.

ते जू माझ्या वाट्याचं होतं. नांगर मी धरला होता.

निपाणीहून चिकोडीकडं जाताना आडवाटेला आमचं गाव. हा मुलूख मुंबई इलाख्यातला, तेव्हा साहेबाचं राज्य होतं. पण साहेब आम्ही कधी बघितला नाही. आमच्यावर राज्य पाटलाचं. निम्मं गाव मराठी बोलायचं, निम्मं कानडी. बाईचे नियम मात्र दोन्हीकडं एकच. बाईनं भांगलावं, खुरपावं, पेरणीच्या वेळी मागनं चालावं, शाळू काढावा, तंबाखूची पानं खुडावी, डोक्यावरून भारे आणावे. रानातलं सगळं काम बाईच्या हाताला चालायचं. फक्त नांगर चालायचा नाही. बाईनं नांगर धरला की धरणी वांझ होते आणि पाऊस रुसतो, असं आजीच्या आजीपासून सांगत आलेले.

आप्पांना, माझ्या वडलांना, मुलगा नव्हता. आम्ही दोघी बहिणी. आक्का थोरली, तिला लांब जांबोटीकडं दिली होती. मी लहानपणापासून आप्पांच्या मागं रानात. बैल पाण्यावर न्यायची, विहिरीत उडी टाकायची, चिंचेच्या शेंड्याला जाऊन बसायची. कासोटा घट्ट मारून पोरांबरोबर कुस्ती धरायची. कानडी बाया मला गंडुबीरी म्हणायच्या. गड्यासारखी बाई. मला त्या शब्दाचा राग कधी आला नाही. राग आईला यायचा. ती मला घरात ओढून केस विंचरायची, गच्च वेणी घालायची, आणि म्हणायची, "बाईच्या जातीनं लोकांच्या डोळ्यात भरू न्हाय गं."

त्या साली उन्हाळ्यात आप्पांच्या पायात नारू झाला. घोट्याला फोड आला, फुटला, आणि आतून दोऱ्यासारखा किडा दिसायला लागला. तेव्हा आमच्याकडं घरटी एखाद्याला तरी व्हायचा. पाय मांडीपर्यंत सुजला. आप्पा सोप्यात पडून राहिले. इकडं सगळ्यांची नांगरट सुरू झाली. आमचं रान तसंच पडलेलं, दगडासारखं.

आई भावकीत दारोदार फिरली. सगळे म्हणाले, आमचं आटपलं की बघू. कुणी आलं नाही. पाटलाचा निरोप मात्र आला. रान आमच्याकडं द्या, निम्म्या वाट्यानं पिकवू. पाटलाकडं वाट्यानं गेलेलं रान परत आलेलं गावात कुणी बघितलं नव्हतं. आप्पांनी निरोप ऐकला आणि भिंतीकडं तोंड केलं.

मी म्हणाले, मी नांगरते.

आईनं चुलीपुढनं उठून माझं मनगट धरलं. "नांगराचं नाव काढू नगंस. तुझ्या पाया पडते मी," असं म्हणाली. आई पोरीच्या पाया पडते म्हणाली. एवढ्यावर मी थांबायला पाहिजे होतं. मी थांबले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाण्याला गेल्यावर मी बैल सोडले, नांगर खांद्यावर घेतला आणि रानात गेले.

मला तो दिवस सांगताना अवघड होतं. दुःखाचा म्हणून नव्हे. मला त्या दिवशी आनंद झाला होता. रुमणं, नांगराची मूठ, माझ्या छातीला लागत होतं. पहिलं तास सापासारखं वाकडं गेलं. बैलांनी मागं वळून बघितलं, आप्पांचा आवाज कुठं गेला म्हणून. मग मी आप्पांसारखी जीभ टाळ्याला लावून आवाज काढला आणि ते चालायला लागले. फाळ आत शिरला की हातातून खांद्यापर्यंत एक कळ जायची. जमीन उलटून काळी ओली बाजू वर यायची. दुपारपर्यंत तळहाताला फोड आले आणि मी गात होते. जात्यावरची ओवी, आईनंच शिकवलेली.

आई भाकरी घेऊन आली. बांधावर उभी राहिली. मग खाली बसली आणि कपाळाला हात लावला. मला वाटलं आता मारणार. तिनं भाकरी सोडली, माझ्या हातावरचे फोड बघितले आणि स्वतः तुकडे मोडून मला भरवलं.

सगळं रान मी नांगरलं. जाणारे-येणारे बघत होते. पहिल्यांदा हसले. पाटीलही हसला म्हणे, भीमाची बहीण निघाली म्हणाला.

मग मृग कोरडा गेला. आर्द्राही कोरडी जायला लागली. आभाळ रोज भरायचं आणि वाऱ्यावर निघून जायचं. हसणारे गप्प झाले. विहिरीवर आई गेली की बाया घागरी उचलून बाजूला व्हायच्या. पुजाऱ्यानं देवीला कौल लावला आणि सांगितलं, गावात बाईचा हात नांगराला लागलाय. हे सांगायला देवी कशाला पाहिजे होती? अख्ख्या गावानं डोळ्यांनी बघितलं होतं.

आम्हाला चावडीवर बोलावलं. आप्पांना चालता येत नव्हतं. आई आणि मी गेलो. निकाल आधीच ठरलेला. जिनं नांगर धरला तिनं बैलाच्या जागी नांगर ओढायचा, कडबा खायचा, म्हणजे दोष फिटेल. मी आईच्या मागं सरकले. झाडाच्या शेंड्याला जाऊन बसणारी मी, आईच्या पदराआड लपले.

आई पुढं झाली. चावडीपुढं ती आयुष्यात पहिल्यांदा बोलली असेल. "पोर माझी हाय. वळण मी लावलं न्हाय. जू माझ्या मानंवर ठेवा."

पाटलानं पानाची पिंक टाकली आणि म्हणाला, "कुणाची का मान असंना. बाईची असली म्हंजे झालं."

मी तेव्हाही म्हणायला हवं होतं, नाही, मी ओढते. म्हणाले नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. क्षणभरच. पण वाटलं.

आईला ओढली आणि आठवड्याच्या आत पाऊस आला.

गाव आनंदलं. पोरं चिखलात नाचली. पुजाऱ्याला नारळ वाहिले. मी गोठ्यात बैलाच्या पोटाला टेकून रडत बसले. कारण मलाही पटलं होतं. आई राबली, दोष फिटला, पाऊस आला. म्हणजे दोष खरा होता. माझ्यामुळं गावातली गुरं तहानली, माझ्यामुळं आईला बैल व्हावं लागलं. दुसरं काही मला सुचत नव्हतं. सुचावं असं मला कुणी शिकवलं नव्हतं.

आईच्या मानेवर दोन्ही बाजूंना कातडं सोललं होतं. मी रोज संध्याकाळी हळद आणि तेल लावायची. मला वाटायचं, तिनं मला शिव्या द्याव्यात. चुलीतलं लाकूड घेऊन बडवावं. ती नुसती मान पुढं करून बसायची आणि मधेच म्हणायची, "सावकाश लाव." एवढंच. जखम भरली पण मान आखडली. डोक्यावर घागर घेतली की तिचं सगळं अंग एका बाजूला झुकायचं. ती चालताना मागून बघणं मला सोसायचं नाही. म्हणून मी पुढं चालायची.

मी बदलले. कासोटा सैल केला, नजर खाली ठेवली. झाडावर चढले नाही. विहिरीत उतरले नाही. शुक्रवार धरले, सोमवार धरले. भाकरी गोल थापायला शिकले. कुणी हाक मारली तर दाराआडून उत्तर द्यायची. बाया आईला सांगायच्या, पोर वळणावर आली हो. आई मान डोलवायची, जेवढी डोलत होती तेवढी. आप्पांचा पाय कायमचा आखडला. ते एकदाच म्हणाले, "म्या लाडावली तुला." आपल्या जागी पोरीला उभी केली याची लाज वाटत होती की तिला शिकवली याची, मला कळलं नाही. रान शेवटी पाटलाकडं वाट्यानं गेलं. जे टाळायला मी एवढं केलं तेच झालं.

आक्काचं माहेर तुटलं. जांबोटीच्या रानात पाऊस पडायला लागला की महिनोन् महिने थांबत नाही, चूल पेटवायला वाळलं लाकूड मिळत नाही. पण तिच्या सासूनं सांगितलं, पाऊस बांधणाऱ्या घरची हवा नको. आक्काला पाठवायचं बंद झालं. तेही माझ्यामुळं.

अशी दोन वर्षं गेली. तिसऱ्या साली पुन्हा मृग कोरडा गेला.

मी पहिल्यांदा माझाच दोष शोधला. खरं सांगते. मी आठवायला लागले, नांगराला माझा हात कुठं लागला. एकदा गोठा झाडताना नांगर आडवा आला होता, तो मी हातानं बाजूला सरकवला होता. त्याचंच असेल. मी देवीला मनातल्या मनात बोलले, की मी धरला नाही, नुसता सरकवला. कुणाला कळलं तर काय, या भीतीनं मी दोन दिवस जेवले नाही.

तिसऱ्या दिवशी चावडीचा शिपाई दारात आला. तो बिचारा खाली बघत बोलला. "तुमच्या घरचा दोष पुरता फिटला न्हाय म्हंत्यात. उद्या रानात यायचं हाय."

आई तांदूळ निवडत होती. तिनं काही विचारलं नाही. का, कुणी सांगितलं, किती वाजता, काही नाही. सूप बाजूला ठेवलं. हात लुगड्याला पुसले. आणि तिचा हात गळ्याकडं गेला. मंगळसूत्र तिनं चोळीच्या आत सारलं.

उद्या जायचं होतं. तिनं आजच सारलं.

मी ते बघितलं आणि माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. रान दोन वर्षं पाटलाकडं होतं. नांगर पाटलाचा, बैल पाटलाचे, धरणारे गडी पाटलाचे. आमच्या घरातल्या कुणाचा हात लागला नव्हता. मग पाऊस कुणावर रुसला? आणि हे मला तीन दिवस कसं सुचलं नाही? एवढी साधी गोष्ट. गोठा झाडताना सरकवलेला नांगर मला सुचला आणि हे सुचलं नाही.

"बस तू," मी आईला म्हणाले. तिचा गळ्याजवळचा हात धरून खाली आणला. तशीच बाहेर पडले.

चावडीवर पाटील, पुजारी आणि गावचे चार मोठे बसले होते. बाईनं बोलावल्याशिवाय चावडीपुढं यायची पद्धत नव्हती. मी गेले. पायरीपर्यंत गेले आणि पायरीही चढले.

"औंदा आमच्या घरात कुणी नांगर धरला न्हाय. आमचं रान तुमच्या गड्यांनी नांगरलंय. पाऊस न्हाय. आता कुणाच्या मानंवर जू ठेवायचं?"

पुजाऱ्यानं पाटलाकडं बघितलं. पाटील माझ्याकडं न बघता म्हणाला, "बापाला धाड. पोरीबाळींशी बोलत न्हाय मी."

"बाप लंगडा हाय. आई येणार न्हाय. उद्या आमच्या रानात मी नांगर धरणार. उजेडात. अडवायचं त्यानं यावं."

मी वळले आणि चालायला लागले. मागं गलका उठला. घरी पोचेपर्यंत मला कुणीतरी मागून धरेल असं वाटत होतं. कुणी धरलं नाही.

तुम्हाला वाटेल, पोर शूर निघाली असं आईला वाटलं असेल. तसं झालं नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "मी जू घेतलं ते तू सुटावीस म्हणून. तू ते वाया घालवलंस."

हे वाक्य मी रोज ऐकते.

सकाळी मी बैल जुंपले. आप्पांनी दारात बसून बघितलं आणि जाताना सांगितलं, डावा बैल आता बुजतो, कासरा आखूड धर. एवढीच त्यांची परवानगी. रानात निम्मं गाव होतं. पाटलाचा गडी आडवा आला. म्हणाला, रान वाट्यानं दिलेलं हाय. मी म्हणाले, वाटा पिकात असतो, मातीत नाही, माती आप्पांची आहे. मागून ढेकळं आली. एक पाठीत बसलं, एक कानावर. कान फुटला. रक्त मानेवरून चोळीत उतरलं. मी एक तास काढलं. मग दुसरं. तिसऱ्याला ढेकळं थांबली. का थांबली, ठाऊक नाही. कदाचित त्यांचे हात दुखले असतील. मी काही त्यांचं मन जिंकलं नव्हतं.

पाऊस त्या वर्षी उशिरा आला. त्याला कुणाची मान लागली नाही. पण गावानं याचा अर्थ काढला नाही. पाऊस आला की कुणाला अर्थ नको असतो.

पुढं आम्हाला वाळीत टाकलं. आमच्या घरी कुणी विस्तव मागायला आलं नाही, आम्हाला कुणी दिला नाही. रान मात्र आप्पांच्याच नावावर होतं, ते पाटलाला परत घेता आलं नाही. मी नांगरत राहिले. माझं लग्न झालं नाही. बघायला कोण येणार? मला त्याचं दुःख नाही, आईला होतं. माझ्या लग्नाचं एक हिरवं लुगडं तिनं पेटीत ठेवलं होतं, ते ती दर दिवाळीला काढून उन्हात घालायची.

ती गेली तेव्हा शेवटचे दिवस आक्काचं नाव घेत होती. मी माणूस धाडला. आक्का आली नाही. सासरच्यांनी सोडलं नाही. दहाव्याला आली. माझ्या गळ्यात पडली नाही. ओट्यावर बसून म्हणाली, "तुझा हट्ट झाला. आई माझीबी हुती." ती खरं बोलली. मी तिला पाणी दिलं. तिनं घेतलं नाही.

लोक म्हणतात, अन्याय करणाऱ्याला पाप लागतं. मी पाटलाला रात्री झोप लागत नाही असं कधी ऐकलं नाही. तो शांत मेला, सगळी भावकी उशाशी होती. झोप मला लागत नाही. नांगर मी धरला, जू आईनं घेतलं, माहेर आक्काचं तुटलं. हे माझ्याच्यानं पुसलं जाणार नाही. मी पुसायचाही प्रयत्न करत नाही. पण आता एवढं कळतं, की जू मी ठेवलं नव्हतं. ठेवणारे हात मला माहीत आहेत. ते कुणाचे होते, बांधावर कोण बसलं होतं, कोण हसलं, सगळं माहीत आहे. त्या हातांचं पाप मी इतकी वर्षं माझं म्हणून वाहिलं.

परवा पाटलाचा मुलगा घरी आला. आता तो पांढरी टोपी घालतो. साहेब गेला, स्वराज्य आलं, चावडीवर झेंडा लावायचा होता. अंगणात उभा राहून गोड बोलला. "ताई, तुम्ही या. बायकांच्या म्होरं बसा. तुमच्यासारख्या बाया गावाला पायजेत."

मी कोळपणीला निघाले होते. बैल सोडता सोडता त्याला सांगितलं, "तुमच्या त्या रानात गाव गोळा करा. तिथं उभं राहून म्हणा, ह्या बाईच्या आईला इथं ओढली, ती चूक गावाची आणि माझ्या बापाची. मग येते."

त्याचा चेहरा उतरला. "मेलेल्या माणसाचं कशाला काढता? झालं गेलं."

"माझीबी आई मेलीय," मी म्हणाले.

तो टोपी सारखी करून निघून गेला. झेंडा लागला. ढोल वाजले, ते रानात ऐकू आले. मी काम थांबवलं नाही. बघायला धावणाऱ्या पोरींतली एक बांधावर थांबली आणि मला विचारायला लागली, आत्या, तुम्ही का येत नाही. मी तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. पाटलाचं नाव घेऊन सांगितलं. हसलेल्या बाईचं नाव घेऊन सांगितलं. मी आईच्या मागं लपले, तेही सांगितलं.

ही पोर हे घरी जाऊन बोलेल. बोलू दे. ती नाही बोलली तर मी दुसरीला सांगेन. या गावात जन्मणाऱ्या प्रत्येक पोरीला मी हे सांगणार आहे, नावानिशी. पाटलाचा मुलगा त्या रानात उभा राहीपर्यंत सांगणार आहे. आणि तो उभा राहिला, तरीही सांगणार आहे.